सुईवर काय, उशाशी काय?





या अंकापासून आपल्या त्रैमासिकात एक नवे पान सुरू होत आहे. त्यात वाचकांनी दोन गोष्टी कळवायच्या आहेत. सध्या तुमच्या सुईवर काय आहे, आणि सध्या तुम्ही काय वाचत आहात? सुई म्हणजे विणकामाची, क्रोशाची, गोधडीची, कोणतीही. वाचन म्हणजे पुस्तक, पोथी, वर्तमानपत्र, मोबाइलवर आलेला लेख, काहीही.

हा बेत मंडळाच्या बैठकीत मांडला तेव्हा सगळ्यांना तो आवडला असे नाही. एका जुन्या कार्यकर्तीने स्पष्टच विचारले, "लोणची-पापड आणि विणकाम-भरतकाम यांच्या पलीकडे जायचे म्हणूनच ना आपण महिला मंडळांपासून वेगळ्या झालो? मग फिरून तिथेच का?" प्रश्न रास्त आहे. १९७५ च्या महिला वर्षानंतर महाराष्ट्रात ज्या संघटना उभ्या राहिल्या, त्यांनी हुंडा, मारहाण, बलात्कार हे विषय चव्हाट्यावर आणले. मथुरा प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध १९८० साली बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. त्या काळात बाईच्या हातातली सुई टाकून तिथे फलक देणे ही गरज होती. मग आज सुईची चौकशी कशासाठी? याचे उत्तर देण्यासाठीच हे संपादकीय.

उत्तर आम्हाला खोडदला सापडले. गेल्या थंडीत नारायणगावजवळच्या या गावात आपली एक बैठक झाली. दुपारी दोन ते चार ही वेळ बायकांनीच ठरवली. सकाळी कांद्याच्या लागणीला जायचे असते, आणि अंधार पडल्यावर बिबट्याच्या भीतीने कोणी एकटीदुकटी बाहेर पडत नाही. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या आता पाहुणा राहिलेला नाही. म्हणजे बाईला जमायला उरतात ते हे दोन तास. ते रिकामे घालवायचे नाहीत म्हणून बहुतेकजणी हातात काहीतरी काम घेऊनच आल्या होत्या. तेव्हा ठरलेली चर्चा बाजूला ठेवून आम्ही आधी तेच विचारले. हातात काय आहे, आणि इतक्यात काय वाचलेत?

हातांतल्या वस्तू भराभर पुढे आल्या. नातवासाठी लोकरीचे टोपडे. मुलाच्या स्वेटरची पाठ, तीही जुना स्वेटर उसवून निघालेल्या लोकरीची. लेकीच्या रुखवतात ठेवायला क्रोशाचे तोरण. माहेरी आणि सासरी नेसलेल्या जुन्या लुगड्यांची गोधडी. कॉलेजातली एक मुलगी मोबाइलवर व्हिडिओ बघून क्रोशाचा बटवा करायला शिकली होती. तिला 'साखळी' आणि 'खांब' हे शब्द ठाऊक नव्हते, आणि शेजारच्या आजींना व्हिडिओतले शब्द कळत नव्हते. पण दोघींचे टाके तेच होते. आणखी एक आजी कापसाच्या वाती वळत होत्या.

वाचनाचा प्रश्न आला तेव्हा मात्र सगळ्या गप्प झाल्या. मग एकेक उत्तर आले. अंगणवाडीतल्या ताई उर्मिला पवारांचे 'आयदान' वाचत होत्या. एकजण स्पर्धा परीक्षेची पुस्तके वाचत होती. एकजण म्हणाली, "मी सातबारा वाचायला शिकले, माझं नाव लागलंय का बघायला." वातीवाल्या आजी म्हणाल्या, "मला अक्षर नाही, पण पोथी ऐकते. कुठं चुकलं तर वाचणारीला सांगते." आणि टोपडे विणणारी शेवटी म्हणाली, "मी विणायला बसले तर घरात कुणी काही म्हणत नाही. पुस्तक घेऊन बसले की म्हणतात, रिकामी बसलीये."

हे ऐकून सगळ्या हसल्या, कारण ते सगळ्यांनाच माहीत होते. आमचे नवे पान या वाक्यातून निघाले आहे.

विचार करून पाहा. विणणे आणि वाचणे ही दोन्ही बसून करायची कामे आहेत. दोन्हींना डोळे लागतात, लक्ष लागते, उजेड लागतो. मग एक काम आणि दुसरे रिकामपण कसे? फरक इतकाच, की विणलेली वस्तू दुसऱ्याच्या अंगावर जाते आणि वाचलेले आपल्यातच राहते. त्या दिवशी आणलेल्या वस्तूंपैकी तो बटवा सोडला तर एकही वस्तू करणारीने स्वतःसाठी केलेली नव्हती. बाईचा वेळ दुसऱ्याच्या उपयोगी पडला तर तो कामात गेला, आणि तिच्या स्वतःच्या उपयोगी पडला तर वाया गेला, हा हिशेब आपल्या घराघरांत चालतो. सुईला परवानगी आहे, ती या हिशेबामुळे. पुस्तकाला विरोध आहे, तोही त्यामुळेच.

हा हिशेब जुना आहे. फुले दांपत्याने १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा विरोध झाला, हे आपण जाणतो. पण पुढे विरोधाने रूप बदलले. १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल, आपली हुजूरपागा, सुरू झाले. तेव्हा मुलींनी शिकूच नये असे म्हणणारे थोडे मागे पडले होते. त्यांच्या जागी त्यांनी काय आणि किती वेळ शिकावे, हे सांगणारे पुढे आले. टिळकांच्या पत्रांतून या शाळेच्या अभ्यासक्रमावर टीका झाली. इंग्रजी नको, मातृभाषा, नीतिशिक्षण आणि शिवणकाम पुरे, आणि दिवसभराची शाळा नको, घरकामाला वेळ राहील इतकीच हवी, असा त्या टीकेचा रोख होता. म्हणजे पुस्तक द्यायचेच असेल तर त्याच्यासोबत सुई द्या, आणि पुस्तकाचे तास मोजून द्या. मुलींच्या शिक्षणात शिवण-टिपण आले ते असे. त्यात कलेचा आदर किती आणि लगाम किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

पण बायकांनी त्या लगामाचेच दावे केले आणि त्याला धरून वाट काढली, हेही तितकेच खरे. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणी वाचा. शिकवणारा नवरा न्यायमूर्ती असूनही घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांचे वाचणे किती अवघड केले होते, ते त्यात आहे. त्याच रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले. तिथे प्रौढ स्त्रियांना लिहिणे-वाचणे शिकवत आणि शिवणकामही शिकवत. शिवण शिकायला जाते म्हणून सांगून घराबाहेर पडलेल्या किती बाया तिथे अक्षरे गिरवून आल्या असतील, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. आणि वातींचे काय? कीर्तनाला, पारायणाला वाती वळत बसलेल्या बायका आपल्या आज्या-पणज्या होत्या. हात गुंतलेले असले म्हणजे कान मोकळे ठेवायला कोणाची हरकत नसे. वाचनमंडळ हा शब्द आपल्याकडे येण्याआधीपासून बाया असे मंडळ चालवत होत्या.

इथे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे सगळे फार गोड होईल. सगळ्यांच्या हातातले विणकाम सारखे नसते. लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन दुपारी विणायला बसणे हा छंद झाला. ज्यांचे विणणे हेच पोट आहे, त्यांना छंद कोण म्हणेल? अंगणवाडीतल्या ताई वाचत होत्या ते 'आयदान' २००३ साली प्रसिद्ध झाले. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू, सुपे, टोपल्या. कोकणातल्या दलित घरातल्या उर्मिलाताईंचे वडील त्या लहान असतानाच गेले. त्यानंतर आईने आयदाने विणून, विकून मुलांना शिकवले. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांची वीण एकच आहे, ती दुःखाची आणि सोसण्याची आहे, असे त्या सांगतात. पुस्तकाचे नाव त्यांनी आईच्या कामाला दिले.

आपल्या जुन्नरच्या लेण्यांत सुमारे अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. त्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी करणाऱ्यांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. या संघांकडे दानाची रक्कम ठेव म्हणून ठेवत असत. एके काळी बांबू विणणाऱ्यांचा संघ ठेवी ठेवण्याइतका पतीचा होता. पुढे तीच विणकला जातीला चिकटली आणि सुपे-टोपल्या घेऊन येणारीला उंबऱ्याबाहेर उभे केले गेले. विणकामाचा सन्मान करायचा म्हणत असू, तर बाजारात टोपलीच्या किमतीवरून घासाघीस करतानाही तो आठवला पाहिजे. आमच्या पानावर रुखवताच्या तोरणाइतकीच जागा टोपलीला, चटईला, घोंगडीसाठी सूत कातणाऱ्या धनगर बाईला असेल.

आता आणखी एक भेद पाहू. हातकाम वेगळे आणि डोकेकाम वेगळे, एक बायकी आणि दुसरे पुरुषी, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. खोडदला उभे राहिले की हा भेद टिकत नाही. गावाच्या शिवारात महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने, १९९० च्या दशकात ती उभारली. एकूण तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. निम्म्याच्या आसपास खोडदजवळ एकत्र आहेत, बाकीच्या पंचवीसेक किलोमीटरपर्यंत पसरलेल्या आहेत. लांबून त्या भरीव वाटतात. जवळ गेले की कळते, ती जाळी आहे. स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी, ताणलेल्या पोलादी दोरांना बांधलेली. जाळीची घरे एक ते दोन सेंटिमीटरची. दुर्बिणीला ज्या लांब रेडिओ लहरी पकडायच्या आहेत, त्यांना एवढी भोके म्हणजे भिंतच. वारा मात्र त्यातून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका झाला आणि खर्च आटोक्यात राहिला. कुठे घट्ट विणायचे आणि कुठे सैल सोडायचे, हा विणणारीचा रोजचा प्रश्न आहे. तोच इथे अभियंत्यांनी सोडवला. दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी हे केंद्र लोकांसाठी खुले असते. मुलांना पाठवून आपण घरी न राहता तिथे एकदा जाऊन यावे.

अशाच दुर्बिणीची एक गोष्ट आपल्या वाचनाच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. १९६७ साली इंग्लंडमधल्या केंब्रिजला जोसलिन बेल ही विद्यार्थिनी संशोधन करत होती. तिथली दुर्बीण म्हणजे साडेचार एकरांत रोवलेले हजाराहून अधिक खांब आणि त्यांवर ओढलेल्या मैलोगणती तारा. ती उभारताना हातोडा चालवणाऱ्यांत जोसलिन होती. दुर्बीण सुरू झाल्यावर रोज सुमारे तीस मीटर कागदावर रेघोट्या उमटत आणि त्या डोळ्यांनी वाचण्याचे काम तिचे. त्या ढिगात तिला एक बारीकसा खवला दिसला. तो इतर रेघांसारखा नव्हता. तिने तो सोडून दिला नाही. त्यातून सव्वा सेकंदाहून थोड्या जास्त अंतराने नियमित ठोके देणारा तारा, पल्सार, सापडला. १९७४ साली या शोधाचा नोबेल पुरस्कार तिच्या मार्गदर्शकांना मिळाला, तिला नाही. वार्ताहर शास्त्राचे प्रश्न तिच्या मार्गदर्शकांना विचारत आणि तिला विचारत मित्र किती आहेत. २०१८ साली तिला तीस लाख डॉलरचा एक मोठा पुरस्कार मिळाला. ती सगळी रक्कम तिने भौतिकशास्त्र शिकू पाहणाऱ्या, संधी न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकली. खोडदची दुर्बीण आज असेच पल्सार शोधते. विणीतला एक वेगळा टाका ओळखणारी नजर शास्त्रातही लागते, हे यावरून समजावे.

आणि क्रोशावाल्यांसाठी एक खास बातमी, जरा जुनी असली तरी. गोल रुमाल विणताना दर फेरीत टाके बेताने वाढवावे लागतात. कमी वाढवले तर रुमालाची वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला झालर पडते. ही झालर आपल्या लेखी बिघाड आहे. गणितात मात्र असा सतत पसरत, मुरडत जाणारा पृष्ठभाग शंभराहून अधिक वर्षे अभ्यासात होता. त्याचे कागदाचे नमुने लगेच फाटत. १९९७ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या दाइना ताइमिना या बाईंनी सरळ क्रोशाची सुई घेतली, ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत गेल्या आणि विद्यार्थ्यांच्या हातात तो पृष्ठभाग ठेवला. लहानपणी घरी शिकलेले हातकाम विद्यापीठाच्या वर्गात कामी आले. आपल्यापैकी कितीजणींनी अशी झालर उसवून टाकली असेल!

तेव्हा सुई की पुस्तक, असा आमचा प्रश्नच नाही. खरा प्रश्न वेळेचा आहे. २०१९ साली सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या शंभर बायका-मुलींपैकी ८१ जणी घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करतात असे दिसले. शंभर पुरुषांत असे २६. आणि जे करतात त्यांचा वेळ पाहिला, तर बाईचा दिवसाला २९९ मिनिटे, पुरुषाचा ९७. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा हे आकडे २८९ आणि ८८ असे आले. बाईची दहा मिनिटे कमी झाली आणि पुरुषाचीही नऊ कमी झाली. बाईच्या अंगावरून उतरलेले काम पुरुषाने उचलले, असे म्हणायला जागा नाही. या सुमारे पाच तासांत मुलांना आणि म्हाताऱ्यांना सांभाळणे धरलेले नाही, शेतावरची मजुरी तर नाहीच. उरलेल्या वेळातून झोप वजा करा. त्यानंतर जे हाती लागते त्यात पुस्तक कुठे बसवायचे, हे आम्ही कोणत्या तोंडाने बायांना सांगावे?

म्हणून सांगणे बायांना नाही, गावाला आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा आहे आणि गावोगाव अनुदानावर चालणारी ग्रंथालये आहेत. ती बहुधा सकाळी आणि संध्याकाळी उघडी असतात, म्हणजे नेमकी चुलीच्या वेळेला. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असा नियम आहे, आणि २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पुढच्या महिला सभेत एवढा एकच ठराव मांडून पाहा. ग्रंथालय, ते नसेल तर शाळेची वा समाजमंदिराची एक खोली, दुपारी दोन तास बायकांसाठी उघडी ठेवावी. जिला वाचायचे तिने वाचावे, जिला विणायचे तिने विणावे. एकीने मोठ्याने वाचले तर बाकीच्यांना हातातले काम न सोडता ऐकता येईल. बचत गटाची बैठकही तिथेच होऊ द्या. म्हणजे पासबुक आणि पुस्तक दोन्ही एकाच सतरंजीवर येतील.

आता आमच्या नव्या पानाचे. चार प्रश्नांची उत्तरे पोस्टकार्डावर मावतील एवढीच लिहून पाठवा. हाताने लिहा, कोणाकडून लिहवून घ्या किंवा फोनवर सांगा.

सुईवर काय आहे आणि ते कोणासाठी?

सध्या काय वाचत किंवा ऐकत आहात, आणि त्यातले काय मनात राहिले?

हे दोन्ही करायला वेळ कुठून काढला?

आणि तुम्ही बसला होता तेव्हा घरातले काम कोणी केले?

पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून आपल्याला एकमेकींचे नमुने मिळतील, पुस्तकांची नावे मिळतील. टोपड्याचे टाके किती घालायचे तेही छापू, 'आयदान' वाचून वाद झाला तर तोही छापू. पण आमचे खरे लक्ष शेवटच्या दोन उत्तरांकडे आहे. ती जमत गेली म्हणजे वर्षाअखेरीस आपल्या भागातल्या बाईच्या वेळेचा हिशेब आपल्याच हाताने मांडलेला असेल. सरकारी पाहणीत मिनिटे असतात. ती कोणाकडून वाचली आणि कोणाशी भांडून मिळवली, ते तुम्हीच सांगू शकता.

आमच्या जुन्या कार्यकर्तीने हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "ठीक आहे. पण बाईने स्वतःसाठी विणलेल्या वस्तूला पानावर पहिली जागा द्या." सूचना मंजूर झाली आहे. पहिल्या चार उत्तरांत तिचेही पोस्टकार्ड आहे. ती स्वतःसाठी पायमोजे विणत आहे. थंडी आहे, आणि तिचे पाय गार पडतात.

तुमच्या पत्रांची वाट पाहत आहोत.

— संपादक मंडळ